सासऱ्यांना न सांगता लिनक्स टाकू का?

पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापून देतोय.

"दादा, आमच्या घरात सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर आहे, नऊ वर्षं जुना डेस्कटॉप. विंडोज १०, ४ जीबी रॅम, पहिल्यापासूनची हार्ड डिस्क. बटण दाबून कपडे वाळत घालून आलं तरी अजून गोल गोल फिरतच असतं. आता वरून मेसेज येतो की या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही. नवरा म्हणतो भंगारात दे. भाचा म्हणतो, मावशी लिनक्स टाक, फुकट आहे आणि पळतं. मी त्यावर मराठी टाईप करते, एक्सेलमध्ये घरचा हिशोब ठेवते, प्रिंट काढते. मुलगा गेम खेळतो. सासरे सकाळी बातम्या वाचतात, व्हिडिओ बघतात आणि मग तासभर पत्त्यांचा डाव लावतात. त्यांना डेस्कटॉपवरचा एक आयकॉन इकडचा तिकडे झालेला चालत नाही. भाचा रविवारी येतोय आणि सासरे त्या दिवशी बाहेर आहेत. तेवढ्यात गुपचूप उरकून टाकू का?"

नमस्कार ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेतो. गुपचूप नको, आणि या रविवारी तर मुळीच उरकू नका. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी दुसरी सिस्टीम, वाईट आहे म्हणून नाही म्हणत, मी स्वतः घरच्या मशीनवर बरीच वर्षं तेच वापरतोय. पण तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी दुखणी एकाच पुडीत बांधलीयेत आणि भाचा तिन्हींवर एकच गोळी देतोय, आधी ती पुडी सोडून बघू.

पहिलं दुखणं म्हणजे मशीन स्लो आहे. आता असं करा, विंडोज सुरू झालं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कचा आकडा बघा. तो काही न करता बराच वेळ १०० टक्क्यांना चिकटून बसला असेल तर दोषी बहुतेक हार्ड डिस्क आहे, विंडोज नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते आणि एक दांडी त्यावर पुढेमागे पळून एकेक तुकडा वाचते, सुरू होताना शेकडो लहान लहान फाईली लागतात आणि ती बिचारी दांडी नुसती धावत असते. एसएसडी ही नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच. नऊ वर्षांच्या डेस्कटॉपला साधी अडीच इंची साटा एसएसडी आरामात लागते आणि त्याने जो फरक पडतो तो कुठलीही सिस्टीम बदलून पडत नाही. मी तर म्हणतो लिनक्स राहू दे बाजूला, एसएसडी आधी लावा. जमलंच तर रॅमही ४ ची ८ करा, कारण आजकाल मेमरी खाणारा सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे ब्राउझर, आणि तो लिनक्सवरही तेवढंच खातो. भाच्याने हे सांगितलं नसेल. दहा टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर ४ जीबीवर लिनक्सही रडतं, फक्त जरा उशिरा रडतं.

दुसरं दुखणं तो विंडोज ११ चा मेसेज. त्यात घाबरण्यासारखं काही नाही पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून. तुमचा त्याच्या आधीचा असणार म्हणून तो नाही म्हणतोय, मशीन बिघडलंय असं नव्हे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट वाढवून दिलेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण ते आपोआप मिळत नाहीत, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, तो चालतच राहतो, फक्त नवीन भोकं सापडली की ती कोणी बुजवायला येत नाही. ज्या मशीनवर तुम्ही बँकेचं काम करता त्यावर हे वर्षानुवर्षं चालवून घेणं बरं नाही. काही जण विंडोज ११ ची ती तपासणी चुकवून जुन्या मशीनवर ते जबरदस्तीने टाकतात, होतंही ते, पण पुढे अपडेट येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग घराच्या एकुलत्या एक मशीनवर तो खेळ कशाला.

तिसरं दुखणं सवयीचं, आणि खरं अवघड तेच आहे. पण गंमत बघा, तुम्ही घाबरताय सासऱ्यांसाठी. पत्र परत वाचा. बातम्या, व्हिडिओ, पत्ते. म्हणजे ब्राउझर आणि एक गेम. लिनक्सवर यायला याहून सोपं गिऱ्हाईक मिळणार नाही! फायरफॉक्स इकडे तोच, क्रोमही मिळतं, अक्षरं मोठी करून दिली की झालं. मराठी टायपिंग, एक्सेल, प्रिंटर, यातली एकेक गोष्ट अडू शकते आणि ती तिन्ही कामं तुमची आहेत. म्हणजे अवघड गिऱ्हाईक ताई तुम्हीच. तेव्हा परीक्षा तुमची आधी आणि त्यांची नंतर.

फुकट कसं काय, यात काही गडबड तर नाही ना, असंही तुम्ही पत्रात एका ओळीत विचारलंय. गडबड नाही. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये याचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांना वापरायला, बदलायला मोकळा ठेवला, तेव्हापासून जगभरातले लोक आणि मोठमोठ्या कंपन्याही त्यात भर घालतायत कारण त्यांचे स्वतःचे सर्व्हर त्यावरच चालतात. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा आतून लिनक्सच्या गाभ्यावरच चालतो. त्या गाभ्याभोवती मेनू, खिडक्या, प्रोग्रॅम असं सगळं सामान बांधून जो तयार संच देतात त्याला डिस्ट्रो म्हणतात, आणि असे संच ढिगाने आहेत. कुठला घ्यायचा यावर पोरं रात्र रात्र भांडतात, तुम्ही त्यात पडू नका. लिनक्स मिंट घ्या, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती, कारण ती कमी रॅमवर हलकी चालते आणि खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ अशी तुमच्या ओळखीची मांडणी असते. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर परत हा विषय नको.

भाचा मिंट नाही, दुसरंच काही वापरत असेल तर? मग त्याला जे येतं ते घ्या. हे मी गंभीरपणे सांगतोय. अडल्यावर फोन कोणाला लावणार हा प्रश्न कुठलं लिनक्स यापेक्षा मोठा आहे. फक्त त्याने आर्च वगैरे अवघड डिस्ट्रो टाकून हात साफ करायचा बेत केला असेल तर त्याला सांगा, तुझ्या लॅपटॉपवर कर बाबा. आणि फोन उचलतो का हे तुम्हाला माहीतच असेल.

आता तुमची तीन कामं.

मराठी टायपिंग. तुम्ही कुठल्या पद्धतीने टाईप करता ते लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यावरच आहे. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी, येत असेल तर प्रश्नच मिटला, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा लेआउट जोडला की तोच कीबोर्ड, तीच बोटं, काही वेगळं टाकावं लागत नाही. तिथेच मराठी कगप फोनेटिक म्हणून अजून एक लेआउट असतो, त्यात क च्या जागी के, ग च्या जागी जी अशी सरळ जोडी आहे, तो शिकायला दोन-चार दिवस पुरतात. पण तुम्ही जर इंग्रजी अक्षरांत शब्द लिहून खाली येणाऱ्या यादीतून मराठी शब्द निवडत असाल, तर सवय मोडावी लागेल. लिनक्सवर आयबस किंवा एफसीआयटीएक्स नावाची सोय टाकून त्यात आयट्रान्स किंवा गमभन पद्धत घेता येते, इंग्रजी अक्षरांतूनच मराठी उमटतं, पण ते नियमाने उमटतं, तुमच्या मनातलं ओळखून शब्द सुचवत नाही. काना हवा असेल तर दोनदा ए दाबायचा म्हणजे दाबायचाच. पहिला आठवडा चिडचिड होते. नंतर उलट वेग वाढतो असा माझा अनुभव, कारण यादीकडे बघत थांबावं लागत नाही.

फॉन्टचं थोडं वेगळं. विंडोजवर मंगल असतो, इकडे तो नसतो, त्याऐवजी नोटो किंवा लोहित दिसेल, म्हणजे मजकूर शाबूत राहील पण ल आणि श चं वळण वेगळं वाटू शकेल आणि ओळी एखाद-दोन शब्दांनी पुढेमागे होतील. हे चालून जातं. न चालणारी गोष्ट म्हणजे जुन्या, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईली. त्यात आतमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो, फॉन्ट नसला की सगळा मजकूर म्हणजे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा. तो फॉन्ट लिनक्सवरही टाकता येतो, टीटीएफ फाईलवर डबल क्लिक केलं की इन्स्टॉलचं बटण येतं. पण अशा फाईली असतील तर विंडोज हातात आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, हे काम तुम्हाला आज ना उद्या करायचंच आहे.

एक्सेल. मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर सरळ चालत नाही. ब्राउझरमध्ये त्याची वेबवाली आवृत्ती चालते, साध्या कामाला पुरते. नाहीतर लिबरऑफिस, ते मिंटमध्ये आधीपासून असतंच. तुमचा घरचा हिशोब, बेरजा, टक्केवारी, महिन्याचे रकाने हे त्यात तसंच्या तसं उघडेल. अडेल कुठे, तर कोणी मॅक्रो लिहून दिलेली फाईल असेल तिथे, किंवा दुसऱ्याने खूप सजवून पाठवलेलं वर्डचं डॉक्युमेंट असेल तिथे तक्ते थोडे सरकतील. मॅक्रो म्हणजे काय असा प्रश्न पडला असेल तर तुमच्याकडे ते नाहीत, सोडून द्या. आणि कोणाला काही पाठवताना पीडीएफ करून पाठवा म्हणजे समोर जसंच्या तसं पोचतं.

पण इथे एक युक्ती आहे जी भाच्याने आधी सांगायला हवी होती. लिबरऑफिस विंडोजवरही चालतं, फायरफॉक्स विंडोजवरही चालतं. तर लिनक्स इन्स्टॉल करायच्या आधी, आहे त्याच विंडोजवर, पंधरा दिवस फक्त हे दोन वापरा, एक्सेल उघडायचंच नाही असं ठरवून, आणि सासऱ्यांच्या डेस्कटॉपवरही फायरफॉक्सचा आयकॉन ठेवा. कारण आपण सिस्टीम सिस्टीम करतो खरं पण माणूस दिवसभर सिस्टीम वापरतच नाही, तो प्रोग्रॅम वापरतो, सिस्टीम फक्त मागे उभी असते. प्रोग्रॅमची सवय झाली की मागची भिंत बदलल्याचं फारसं जाणवत नाही. आणि पंधरा दिवसांत तुम्हाला कळलं की हिशोबाची एखादी फाईल नाहीच जमत, तर ते विंडोज शाबूत असताना कळलेलं बरं.

प्रिंटर. यात अंदाज बांधण्यात अर्थ नाही, लावून बघायचा. वायफायवर फोनवरून थेट प्रिंट देता येते असा प्रिंटर असेल तर बहुतेक वेळा लिनक्स त्याला आपणहून ओळखतं, ड्रायव्हर टाकायची गरज पडत नाही. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांसाठी वेगळी सोय आहे आणि ती मिंटमध्ये येतेच. त्रास देतात ते काही जुने छोटे लेसर प्रिंटर, ज्यांचं सगळं काम कंपनीच्या खास ड्रायव्हरवर अवलंबून असतं. स्कॅनर असेल तर तोही वेगळा तपासा, प्रिंट होते म्हणून स्कॅन होईलच असं नाही.

मुलाच्या गेमबद्दल दोन ओळी. स्टीम या गेमच्या ऑनलाईन दुकानातले पुष्कळ विंडोज-गेम लिनक्सवर चालतात, २०१८ मध्ये प्रोटॉन नावाची त्यासाठीची सोय आल्यापासून तर फारच. पण फोर्टनाईट, व्हॅलोरंट नाहीत चालत, फसवाफसवी रोखणारी त्यांची यंत्रणा लिनक्सला आत घेत नाही. नऊ वर्षं जुन्या ४ जीबीच्या मशीनवर पोरगं असं काय मोठं खेळत असणार म्हणा, पण विचारा त्यालाही. घरात सगळ्यांना विचारायचं आणि त्याला एकट्याला नाही हे बरं दिसत नाही.

तर रविवारी भाचा येतोय ना, येऊ दे. त्याला काम द्या, पण हे काम: मिंटच्या अधिकृत साईटवरून आयएसओ फाईल, म्हणजे अख्खी सिस्टीम बांधलेली एकच फाईल, उतरवायची, तीन जीबीच्या आसपास असते, ती नीट आलीय का ते चेकसम, म्हणजे साईटवर दिलेला पडताळणीचा आकडा, जुळवून बघायचं, आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन रुफस नाहीतर एचर या प्रोग्रॅमने त्यावर चढवायची. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यात लग्नाचे फोटो नाहीत ना ते आधी बघा. मग कॉम्प्युटर सुरू होताना एफ१२ किंवा एफ२ किंवा एस्केप, मशीनप्रमाणे जे असेल ते, दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. याला लाईव्ह मोड म्हणतात. सगळं पेनड्राइव्हवरून आणि रॅममध्ये चालतं, इन्स्टॉल हा आयकॉन दाबून पुढे गेला नाहीत तर तुमच्या हार्ड डिस्कवरच्या एकाही फाईलला धक्का लागत नाही. रीस्टार्ट करून पेनड्राइव्ह काढला की परत तुमचं विंडोज, जसं होतं तसं.

आणि त्या लाईव्हमध्ये भाच्याला बाजूला बसवून तुम्ही स्वतः माऊस हातात घ्या. वायफाय लागतं का? व्हिडिओचा आवाज येतो का? हिशोबाची फाईल उघडा, एक मराठी पत्र टाईप करा, प्रिंट काढा. वेग मात्र बघू नका, पेनड्राइव्हवरून सगळं सावकाशच चालतं, त्यावरून मत बनवलंत तर अन्याय होईल. वायफाय दिसलंच नाही तर हाय खाऊ नका, काही वायफाय चिपना ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो, फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की नेट मिळतं आणि मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर काय हवं ते शोधून टाकतो.

या पहिल्या रविवारी इन्स्टॉल करायचं नाही. भाचा म्हणेल एवढं केलंच आहे तर अर्ध्या तासात टाकून देतो. नाही म्हणायचं.

सगळं जमलं, मधले पंधरा दिवसही नीट गेले, तर मग दुसऱ्या फेरीत एसएसडी आणा. माझा खरा सल्ला इथे आहे: जुनी हार्ड डिस्क पुसूच नका. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नवी एसएसडी लावा आणि लिनक्स त्या कोऱ्या एसएसडीवर टाका. चुकायला जागाच राहत नाही, कारण पुसण्यासारखं दुसरं काही जोडलेलंच नसतं. नाही आवडलं तर केबल परत जोडायची, विंडोज हजर. एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी ठेवायची ड्युअल बूटची पद्धत असते, लोक सर्रास करतात, मीही केलीय, पण त्यात पार्टिशन कापताना हात थरथरतो, कधी विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्सचा मेनूच गायब होतो, आणि घड्याळ काही तास पुढेमागे दिसायला लागतं कारण दोन्ही सिस्टीम मशीनच्या घड्याळाचा अर्थ वेगवेगळा लावतात. दोन डिस्क असल्यावर ही कटकट पुष्कळ कमी होते.

केबल काढा हे मी इतकं घोकून का सांगतोय? कारण मी हुशारी करायला गेलो होतो. नीट बॅकअप घेतला, सगळे फोटो, वडिलांची स्कॅन केलेली पत्रं, सगळं बाहेरच्या डिस्कवर, आणि मग ती डिस्क तशीच जोडलेली ठेवून इन्स्टॉल करायला बसलो. इन्स्टॉलरने विचारलं कुठल्या डिस्कवर टाकू, दोन नावं दिसली, एसडीए आणि एसडीबी, आकार जवळजवळ सारखेच. मी एक निवडलं. दहा मिनिटांनी लक्षात आलं की आपण बॅकअपच पुसलाय, आणि जे पुसायचं होतं ते विंडोज मजेत बसलंय. नशीब की मूळ फाईली अजून तिथेच होत्या म्हणून पुन्हा बॅकअप घेता आला. पण ती दहा मिनिटं मी कोणाशी बोललो नाही. तेव्हा बॅकअप घ्या, दोन ठिकाणी घ्या, आणि इन्स्टॉल करताना बॅकअपची डिस्क कपाटात ठेवून द्या.

केबल काढण्याआधी विंडोजमध्ये दोन गोष्टी करून घ्या. एक, पॉवरच्या सेटिंगमधला फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि नंतर लिनक्समधून ती डिस्क जोडली तर फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. दोन, डिस्कला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनचं कुलूप आहे का बघा, असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्कही आठवणीने काढून घ्या, लोक फोटो वाचवतात आणि हे विसरतात.

इन्स्टॉल करताना तो यूजरनेम आणि पासवर्ड विचारतो. तो पासवर्ड तुम्ही ठरवायचा. मी असं एक घर पाहिलंय जिथे पासवर्ड फक्त भाच्यालाच माहीत, आणि भाचा परीक्षेत! नवीन काही टाकायचं, मोठे अपडेट घ्यायचे तर दर वेळी पासवर्ड लागतो. झाल्यावर पहिल्या दिवशीच अपडेट मॅनेजर एकदा पूर्ण चालवा आणि टाईमशिफ्ट चालू करून ठेवा, ते सिस्टीमचे टप्पे साठवतं आणि काही बिघडलं तर कालच्या टप्प्यावर परत नेतं. ते सिस्टीमसाठी आहे हं, तुमच्या हिशोबाच्या फाईलींचा बॅकअप तुम्हालाच वेगळा घ्यायचाय. मग जुनी डिस्क परत जोडून आपल्या फाईली कॉपी करून घ्या, विंडोजच्या डिस्क लिनक्सला वाचता येतात.

एक गोष्ट तुम्हाला नक्की चक्रावून टाकणार आहे म्हणून आधीच सांगतो. इकडे सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असं काही नसतं, तुमचं सगळं होम नावाच्या फोल्डरमध्ये. फाईलच्या नावात लहान-मोठं इंग्रजी अक्षर वेगळं धरलं जातं, एकाच जागी त्याच नावाच्या दोन फाईली दिसल्या तर डोळे चोळू नका. आणि सॉफ्टवेअर हवं असलं की कुठल्याही साईटवरून ईएक्सई उतरवायची नाही, ती चालतही नाही, मेनूतल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधायचं, फोनवर करता तसंच. विंडोजचे व्हायरस इथे सहसा चालत नाहीत पण खोट्या लिंकवर जाऊन पासवर्ड देणारा माणूस कुठल्याही सिस्टीमवर फसतो, तिथे लिनक्स काही मदत करत नाही. टर्मिनलचा, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीचा, बाऊ करू नका, तो रोजच्या कामाला लागत नाही. पण कुठेतरी वाचलेली कमांड न समजता त्यात चिकटवू पण नका.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही बरं का. मदरबोर्डच आता मधेमधे दगा देत असेल, किंवा ऑफिसच्या कामाला एखादं खास सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालणारं लागत असेल, तर नवीन मशीन घेणं हाच शहाणपणा, आणि मग हा जुना सासऱ्यांच्या हवाली करून त्यावर लिनक्स टाका. नऊ वर्षांचं मशीन काय, एसएसडी लावून अजून काही वर्षं बातम्या आणि पत्ते सहज ओढेल.

आणि आता सासरे. त्यांना रविवारीच सांगा, ते परत आल्यावर, पेनड्राइव्ह लावलेला असतानाच. कॉम्प्युटर बदलतोय असं नका सांगू, ते खोटंही आहे आणि त्याने उगाच धसका बसतो. म्हणा, हे बघा असं दिसेल, बसून बघता का जरा. पत्त्यांसाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आइलरायट नावाचा गेम आहे, त्यात विंडोजमधला क्लॉन्डाइकचा डाव आहेच आणि वर कितीतरी वेगळे डाव आहेत, लाईव्ह मोडमध्येही नेट असलं तर तो तात्पुरता टाकून दाखवता येतो. एक डाव त्यांना लावू दे. कसा लावायचा ते भाच्याने शिकवायचं नाही, गप्प बसायचं.

जे काय नावं ठेवतील ती एका कागदावर लिहून घ्या. अक्षरं बारीक आहेत, पानाची पाठ निळी हवी, बाण दिसत नाही, यातलं बहुतेक सगळं सेटिंगमध्ये बदलता येतं. आणि नंतर खरं इन्स्टॉल करायच्या आधी त्यांच्या आत्ताच्या डेस्कटॉपचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, म्हणजे पत्त्यांचा आयकॉन आहे त्याच कोपऱ्यात ठेवता येईल.